उइपिल हवा, बाई नको

ग्वाटेमालाच्या पर्यटनाच्या जाहिरातीत रंगीत उइपिल घातलेली माया बाई हमखास हसत उभी असते. त्याच देशाच्या राजधानीत २००२ साली इर्मा अलिसिया वेलास्केस निमातुख या किचे माया मानववंशशास्त्रज्ञ बाईंना एका उपाहारगृहाच्या दारातच अडवलं गेलं. कारण काय, तर अंगावर माया पोशाख! पोस्टरवर चालतो, टेबलावर चालत नाही. मित्रांनो, हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको.

उइपिल म्हणजे बायकांचं सैलसर पोलकं. कमरेला पट्टा बांधून चालवायच्या मागावर ते विणतात, एकेकाला महिनोन्‌महिने लागतात. नक्षीवरून बाईचं गाव कळतं. १९६० ते १९९६ च्या यादवीत हीच ओळख जिवावर बेतली. दोन लाखांवर माणसं मेली किंवा गायब झाली. सत्य आयोगाने ओळख पटवलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया होते. कित्येकींनी भीतीने पोशाख टाकला. आज गरजेपोटी विकलेले जुने उइपिल कापून व्यापारी त्यांच्या पर्स आणि बूट बनवतात. पुण्यातल्या एका प्रदर्शनात अशी एक पर्स मी उलटीपालटी करून पाहिली. लेबलवर 'हस्तकला' आणि किंमत. विणणारीचं नाव सोडाच, गावही नाही.

आपल्यातलं कुणी विचारेल, डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनीच बायकांना अस्पृश्यतेची खूण असलेला पेहराव टाकायला सांगितलं ना? मग जुन्या पोशाखाचा एवढा पुळका कशाला? माझ्या पणजीनेही तेव्हा अंगावरचे जड दागिने उतरवले, लुगडं घोट्यापर्यंत नेसू लागली, असं आजी सांगायची. पण तिच्यावर ती खूण गावाने लादली होती. माया बायकांनी आपली नक्षी स्वतः विणली, सैन्याच्या दहशतीतही जपली. पणजीने टाकलं, यांनी राखलं. दोन्हीकडे ठरवलं बायकांनी. फॅशनवाले त्यांना विचारतच नाहीत.

पर्यटनाने पोट भरतं, हे खरंच. पण चौकातल्या विणकरीणीशी घासाघीस करणारा पर्यटक मोठ्या दुकानात मुकाट पैसे मोजतो, हेही खरं.

या बायकांनी दया मागितलेली नाही. २०१६ मध्ये आफेदेस या माया स्त्रियांच्या संघटनेच्या पुढाकाराने त्या थेट घटना न्यायालयात गेल्या, पुढच्या वर्षी संसदेत विधेयक आलं. मागणी सरळ आहे: नक्षीची मालकी समूहाची, आणि ती वापरणाऱ्या कंपनीच्या कमाईत समूहाचा वाटा.