आमच्या घरचा चित्रगुप्त

आमच्या घरांत माणसें नऊ, आणि २०२० सालच्या टाळेबंदीपासून दहावें एक यंत्र आहे. बैठकीच्या खोलींतील फडताळांत तें रात्रंदिवस मंद गुरगुरत असतें. मुलें त्यास 'नॅस' म्हणतात. म्हणजे घरांतील सर्व संगणकांना व फोनांना जोडलेली सामाईक साठवणुकीची पेटी. आंत दोन तबकड्या असून प्रत्येक फाइल दोन्हींवर लिहिली जाते, त्यामुळें एक बिघडली तरी दुसरी शाबूत राहते. वडिलोपार्जित जमिनीचे कागद, लग्नामुंजींचीं छायाचित्रें, मुलांचीं गुणपत्रकें, आणि २०२२ सालीं निवर्तलेल्या आमच्या मातोश्रींच्या आवाजांत टिपून घेतलेलीं मंगळागौरीचीं गाणीं, असा सारा संसार त्यांत आहे.

२०२४ सालच्या श्रावणांत वहिनी तीं गाणीं लावावयास गेल्या, तों फोल्डरच जागेवर नाहीं!

ही पेटी नुसती सांठवीत नाहीं, लिहूनहि ठेवते, हें आम्हीं ऐकून होतों. कोणत्या खात्यानें, कोणत्या पत्त्यावरून, किती वाजतां, कोणती फाइल उघडली, बदलली किंवा पुसली, याची ती ओळीनें नोंद करते. त्या नोंदवहीस लॉग म्हणतात. पेटी बसविणाऱ्या माणसानें ती चालू करून ठेविली होती, पण आम्हीं ती तोंपर्यंत कधीं उघडली नव्हती. आमच्या मनांत अशा वह्यांविषयीं आदर होता तो एका जुन्या हकीकतीमुळें. १९८६ सालीं कॅलिफोर्नियांतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेंत क्लिफर्ड स्टोल या खगोलशास्त्रज्ञास संगणकवापराच्या हिशेबांत ७५ सेंटांची तफावत आढळली. पाऊण डॉलर सोडून देतां आला असता; त्यानें सोडला नाहीं, आणि महिनोन्महिने नोंदी ताडून पाहतां पाहतां तो धागा जर्मनींतील हॅनोव्हर शहरीं बसून अमेरिकेच्या लष्करी संगणकांत शिरणाऱ्या माणसापर्यंत पोहोंचला. पेन्शनर मनुष्यास अशी गोष्ट फार आवडते. आपणहि एक स्टोल आहों, असें वाटून आम्हीं चष्मा पुसला व वही उघडली.

नोंद मिळाली. 'घर' या सामाईक खात्यावरून, २३ आंकड्यानें संपणाऱ्या पत्त्यावरून, सकाळीं ६ वाजून १४ मिनिटांनीं फोल्डर पुसला गेला होता. राउटरवरील यादींत २३ क्रमांकाशेजारीं धाकट्या बंधूंच्या चिरंजीवांच्या लॅपटॉपचें नांव होतें. पहांटे उठून अभ्यास करणारा घरांत तो एकटाच. आम्हांस आणखी पुरावा तो कशाला हवा होता?

रात्रीच्या पंगतींत आम्हीं सर्वांदेखत त्यास विचारलें. विचारलें म्हणण्यापेक्षां सुनावलें. "काका, मीं नाहीं पुसला," एवढेंच तो म्हणाला. "यंत्र खोटें बोलत नाहीं," असें आम्हीं उत्तर दिलें. त्यानें ताटांतला भात तसाच ठेवला व उठला. धाकटे बंधु खालीं मान घालून जेवत राहिले. थोरल्या भावापुढें त्यांनीं आजवर कधीं तोंड उघडलेलें नाहीं, आणि आम्हांस त्या वेळीं तें सोयीचेंच वाटलें.

दोन दिवसांनीं नारळी पौर्णिमेस आमची कन्या बंगळूरहून आली. ती याच धंद्यांत आहे. तिनें वही पाहिली, मनगटावरील घड्याळ पाहिलें, आणि विचारलें, "बाबा, या पेटीला भारताची वेळ कुणीं लावलीच नाहीं का? हिचें घड्याळ ग्रिनिचच्या हिशेबानें चालतें आहे." म्हणजे प्रत्येक नोंदींत साडेपांच तास मिळवावयाचे. सकाळचे ६.१४ म्हणजे दुपारचे ११.४४. त्या वेळीं चिरंजीव कॉलेजांत, आणि त्यांचा लॅपटॉपहि त्यांच्याच पिशवींत! आणि पत्ता? राउटर हे पत्ते कायमचे देत नाहीं, तात्पुरते वांटतो. आज जो क्रमांक एकाचा, तो परवां दुसऱ्याचा असूं शकतो. त्या दिवशीं दुपारीं २३ क्रमांक आमच्याच संगणकाकडे होता.

मग आठवलें. जागा भरली म्हणून त्या दिवशीं आम्हीं साफसफाई केली होती, व जोडलेल्या ड्राइव्हमधील तो फोल्डर आपल्या संगणकावरील जादा प्रत समजून पुसला होता. फोल्डर पेटीच्या कचऱ्याच्या टोपलींत जसाच्या तसा पडलेला सांपडला. कन्येनें तो अर्ध्या मिनिटांत परत जागेवर ठेवला.

पण साडेपांच तास मिळवितांना आणखी एक गोष्ट उघडकीस आली. मातोश्रींचीं गाणीं आमचे थोरले बंधु त्यांच्या स्वतःच्या खात्यावरून वारंवार उघडीत, हें आम्हीं पहिल्याच दिवशीं पाहिलें होतें. वेळ रात्रीं ८ वाजून ५० मिनिटें. जेवणाआधीं ऐकत असतील, म्हणून सोडून दिलें होतें. ती वेळ खरोखरी उत्तररात्रीचे २ वाजून २० मिनिटें होती. आठवड्यांतून तीन-चार रात्रीं. मातोश्री गेल्या त्या दिवशीं दादांनीं डोळ्यांतून टिपूस काढला नव्हता, आणि त्याबद्दल आप्तांनीं जें म्हणावयाचें तें म्हटलें होतें; आम्हींहि मनांत म्हटलें होतें. कन्येनें आमच्याकडे पाहिलें. आम्हीं ती खिडकी बंद केली.

त्याच संध्याकाळीं तिच्याकडून तीन कामें करून घेतलीं. घड्याळ भारतीय वेळेस लावलें. सामाईक खातें मोडून प्रत्येकास वेगळें खातें व वेगळा पासवर्ड दिला. आणि फाइल पुसल्याची वा बदलल्याची नोंद ठेवून नुसती उघडल्याची नोंद बंद केली. कशाची नोंद ठेवावी, हें निवडतां येतें. २८ एप्रिल २०२२ रोजीं सर्ट-इन या सरकारी संस्थेनें कंपन्या व सर्व्हरकेंद्रें यांस आदेश दिला कीं, नोंदी १८० दिवस जपाव्या आणि घड्याळें राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या किंवा नॅशनल इन्फॉर्मॅटिक्स सेंटरच्या वेळेशीं जुळवून ठेवावीं. घरच्या पेटीस हा आदेश लागू नाहीं. परंतु नोंदींच्या जोडीस घड्याळाचें कलम कां आलें असावें, हें आम्हांस आतां कुणीं समजावून सांगावयास नको.

दादांस आम्हीं कांहीं सांगितलेलें नाहीं.

नारळीभाताच्या पंगतींत आम्हीं सर्वांदेखत आपली चूक कबूल केली. चिरंजीव म्हणाले, "असूं द्या, काका," आणि भात मागून घेतला. मात्र पूर्वीं तो आपला लॅपटॉप बैठकींतल्या मेजावर उघडाच टाकून जात असे. आतां जातांना मिटतो व आपल्या खोलींत नेऊन ठेवतो.