मिठाचा बटाटा, ओळखीचा ठेचा

एक किलो बटाट्याला पाव किलो मीठ! पातेल्यात पडणारं ते जाडं मीठ बघून आजींना थांबवायला माझा हात आपोआप पुढं झाला. भाचीनं तो धरला. "मावशी, थांब गं. त्यांना करू दे." आजींनी वरून आणखी एक मूठ टाकली.

हे तेनेरिफे. अटलांटिक महासागरातल्या कॅनरी बेटांपैकी सगळ्यांत मोठं. राज्य स्पेनचं, पण स्पेनपेक्षा आफ्रिकेचा किनारा कितीतरी जवळ. भाची इथं ला लागुनाला शिकते. तिच्या ओळखीनं बेटाच्या उत्तर उतारावर, लोस रेआलेहोस भागातल्या या शेतकरी आजींच्या स्वयंपाकघरात मला उभं राहायला मिळालं. हॉटेलात हा बटाटा कोणालाही मिळतो. पण पदार्थ खरा कळतो तो चुलीपाशी.

छत्रपती संभाजीनगरहून आलेल्या माणसाच्या डोळ्यांत इथं आधी भरतो तो दगड. काळा कुळकुळीत बेसॉल्ट, आपल्या वेरूळचं कैलास लेणं कोरलंय त्याच जातीचा. फरक वयाचा. आपला दख्खनचा लाव्हा थिजून साडेसहा कोटी वर्षं झाली. तेनेरिफेवरचा शेवटचा उद्रेक १९०९ सालचा, आणि शेजारच्या ला पाल्मा बेटावर तर २०२१ मध्ये ८५ दिवस लाव्हा वाहत होता. बेटाच्या मधोमध ३,७१५ मीटर उंचीचा तेइदे ज्वालामुखी उभा आहे. अख्ख्या स्पेनमध्ये त्याच्याहून उंच शिखर नाही. समुद्रावरून येणारे वारे उत्तर उतारावर ढग आणून टेकवतात आणि त्या ओलाव्यावर शेती चालते. दगडी ताली रचून पायऱ्यापायऱ्यांचे वाफे केलेत. आजींच्या वाफ्यात मी उभी होते तेव्हा ढग गुडघ्यापर्यंत आला होता. दुष्काळी मुलखात वाढलेल्या मला तो ढग वाफ्यात शिरताना बघून फार बरं वाटलं.

त्या वाफ्यांतला बटाटा साधा नव्हे. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातून सोळाव्या शतकात स्पॅनिश जहाजांतून तो इथं आला. १५६७ साली याच बेटांवरून बटाट्याची पिंपं बेल्जियममधल्या अँटवर्पला रवाना झाल्याची नोंद सापडते, म्हणजे युरोपच्या मुख्य भूमीवर तो पसरण्याआधी इथं रुजला होता. पुढं जगभर बटाट्याच्या नव्या जाती निघाल्या, मोठ्या झाल्या, गुळगुळीत झाल्या. इथल्या शेतकऱ्यांनी मात्र ते जुनं वाण पिढ्यान्‌पिढ्या लावत ठेवलं. युरोपीय संघानं २०१२ साली त्याला आपल्या पैठणीला आहे तसं भौगोलिक मानांकन दिलं. त्यातला 'पापा नेग्रा' आजींनी मला हातात दिला. लिंबाएवढा, वेडावाकडा, डोळे खोल गेलेले, साल जांभळट काळी. नखानं जरा खरवडलं तर आत अंड्याच्या बलकासारखा पिवळाधमक गर. असा बटाटा मी जन्मात पाहिला नव्हता.

आता त्या मिठाचं. पूर्वी किनाऱ्यावरच्या बायका समुद्राचंच पाणी आणून त्यात बटाटे उकडत. गोडं पाणी वाचायचं आणि मीठही विकत आणावं लागायचं नाही. आता नळाच्या पाण्यात मीठ घालतात. बटाटे न सोलता, न चिरता, नुसते धुऊन घ्यायचे. पाणी जेमतेम ते बुडतील एवढंच. वर एक जाड फडकं झाकायचं. बटाटा शिजला की सगळं पाणी ओतून द्यायचं आणि खरं काम पुढं सुरू होतं. पातेलं पुन्हा मंद आचेवर ठेवून, दोन्ही कान धरून ते हलवत राहायचं. आजी बोलता बोलता पातेल्याला असा काही हिसका देत होत्या, की प्रत्येक बटाटा जागेवर कूस बदलत होता. बघता बघता सालीवरचं पाणी आटलं, साल आक्रसली, तिच्यावर बारीक सुरकुत्या पडल्या आणि त्या सुरकुत्यांत मिठाचा पांढरा पापुद्रा धरला. म्हणून याचं नाव 'पापास अर्रुगादास', सुरकुतलेले बटाटे. मी भीत भीत एक फोडला. आतला गर कोरडा, भुसभुशीत, आणि खारट मुळीच नाही! मीठ सगळं सालीवर अडलेलं. साल काढायची नाही. ती खाण्यातच गंमत आहे.

पण माझा खरा आश्चर्याचा धक्का दुसऱ्याच कोपऱ्यात होता. आजींनी लाकडी खल पुढं ओढला. त्यात लसणाच्या पाकळ्या, जिरे आणि जाडं मीठ. बत्त्याचे पहिले चार घाव बसले आणि जो वास उठला त्यानं मी थेट माहेरच्या ओसरीवर पोचले. मग गरम पाण्यात भिजवलेल्या सुक्या लाल मिरच्या आल्या, त्याही रगडल्या गेल्या. शेवटी ऑलिव्हचं तेल बारीक धारेनं आणि थोडा सिरका. हा लाल 'मोहो'. दुसरा हिरवा: कोथिंबीर, हिरवी मिरची, पुन्हा लसूण, पुन्हा जिरे. भाची हसून म्हणाली, "मावशी, आपला ठेचाच की गं!" खरंच होतं ते. तव्यावर मिरच्या आणि लसूण भाजून, मीठ घालून, तांब्याच्या बुडानं रगडायचा आणि वर करडईचं कच्चं तेल सोडायचं, हा आमच्या मराठवाड्याचा रिवाज. मिरची आणि बटाटा दोन्ही अमेरिकेचे, दोन्ही जहाजांतून निघाले. पोर्तुगीजांनी ते आपल्याकडं आणले, स्पॅनिशांनी इथं. आणि दोन टोकांच्या दोन काळ्या मुलखांत, एकमेकींचं नावही न ऐकलेल्या बायकांनी त्या मिरचीचं जवळजवळ एकच केलं. मला यापरतं नवल प्रवासात दुसरं कुठलं भेटलेलं नाही.

आजींनाही एक नवल वाटलं. आमच्याकडं एकादशीला, उपवासाच्या दिवशी बटाटा खातात, हे भाचीनं सांगितल्यावर त्यांनी बत्ता खाली ठेवला. उपवास आणि बटाटा? त्यांना ते काही केल्या पटेना. मग उपवासाला जिरे-मिरचीची फोडणी चालते, लसूण मात्र चालत नाही, हे ऐकल्यावर त्यांनी मान हलवली आणि लसणाचा आख्खा गड्डा माझ्यापुढं सरकवला.

संभाजीनगरला परतल्यावर मी हा बेत घरी केला. जाधववाडीच्या बाजारात निवडून बाजूला काढलेले बारीक बटाटे स्वस्त मिळतात. याला तेच हवेत, मोठे बटाटे असे सुरकुततच नाहीत. हिरव्या मोहोला सिल्लोडकडची मिरची घेतली. लाल मोहोला कमी तिखट, गडद रंगाची बेडगी. ऑलिव्हऐवजी करडईचं तेल वापरलं आणि माझं स्पष्ट मत आहे, की ते इथं जास्त शोभलं. ज्वारीची भाकरी सोबत होतीच. घरातल्या धाकट्यांनी बटाटे हातानं दाबून फोडले, मोहोत बुडवले आणि पातेलं रिकामं केलं.

तुम्हीही करून बघा. मीठ जाडंच घ्या, घालताना कचरू नका. पण उच्च रक्तदाब असलेल्यांनी बटाटा साल काढून खावा. आणि मोहो मिक्सरमध्ये फिरवू नका. घरात खलबत्ता माळ्यावर पडला असेल तर तो खाली काढा.