आल्यागेल्याचा रकाना

पंचेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडावयाची, असे आम्ही उभयतांनी ठरविले तेव्हा आप्तेष्टांपैकी काहींना आम्ही आळशी वाटलो, काहींना लोभी. वास्तविक यात आळसाचा भाग थोडा आणि धास्तीचा अधिक आहे. आम्ही दोघेही खासगी नोकरीत. पंचेचाळिशीच्या सहकाऱ्यांना एका सायंकाळी नारळ दिलेला आम्ही पाहिला आहे. कोणी उठविण्यापूर्वी स्वतःहून उठता यावे, आणि कन्येची शाळा संपण्याआधी तिच्याशी बोलावयास दुपार मोकळी असावी, एवढीच आमची आकांक्षा.

हिशेब तसा सरळ आहे. अमेरिकेतील आर्थिक सल्लागार विल्यम बेंगेन यांनी १९९४ साली तेथील जुन्या आकड्यांवरून असे दाखविले, की पहिल्या वर्षी पुंजीच्या चार टक्के रक्कम काढली आणि पुढे महागाईप्रमाणे ती वाढवीत नेली, तरी पुंजी तीस वर्षे पुरते. म्हणजे वार्षिक खर्चाच्या पंचवीसपट पुंजी हवी. परंतु ही गणना तेथल्या बाजाराची आणि तीस वर्षांची; आम्हांला चाळीस-पंचेचाळीस वर्षे काढावयाची. म्हणून आम्ही तीनच टक्के धरले, म्हणजे तेहतीसपट. दरमहा हाती १,२०,००० रुपये येतात. ५०,००० मध्ये संसार चालतो, ७०,००० बाजूला पडतात. वर्षाचा खर्च ६ लाख, म्हणून पुंजी सुमारे २ कोटी, तीही आजच्या भावाने. महागाई सालीना ६ टक्के राहिली तर बारा वर्षांत हाच खर्च दुप्पट होतो. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत प्रत्येकी वर्षाला दीड लाखाची मर्यादा. उरलेले म्युच्युअल फंडांत. बाजार कोसळला की त्या दिवशी जेवण गोड लागत नाही, हेही सांगून टाकतो.

तेहतीसपटीचा हा गुणाकार मोठा निर्दय असतो. महिन्याकाठी १,००० रुपयांची एखादी सवय म्हणजे सुमारे ४ लाखांची पुंजी! हे एकदा ध्यानी आले, की हॉटेल आपोआप सुटते, मोटारीवाचून स्कूटरवर भागते. त्याचे आम्हांला दुःख नाही. अडले ते एकाच रकान्याशी. आमच्या वहीत ‘आल्यागेल्याचा’ असा एक रकाना आहे. त्यात दरमहा ३,००० रुपये पडतात. गुणाकार केला तर १२ लाख. आमच्या बचतीच्या गतीने सतरा महिन्यांची नोकरी.

बडोद्याला दांडिया बाजारात घर असले म्हणजे पाहुणा येणारच. कोणी डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी येतो, कोणी मुलगी दाखवावयास, आणि गणपतीत तर मोजदादच नाही. आमच्यापैकी एकाचे मत रकाना निम्म्यावर आणावा असे होते. कोणाचे, ते येथे लिहीत नाही. वाद चालला असता आईंनी वही ओढून घेतली आणि म्हणाल्या, “हा रकाना पुसायचा तर आधी पणजोबांचं नाव पुसा.”

पणजोबा रत्नागिरीकडून शिकण्यासाठी बडोद्यास आले, ते वार लावून जेवले. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे सात वार, सात घरे. याच नगरीत सयाजीराव महाराजांनी १९०८ साली बँक ऑफ बडोदा स्थापन केली. पणजोबांजवळ तेथे ठेवावयास काही नव्हते. त्या सात गृहिणींपैकी कोणी ताटाचा तेहतीसपट गुणाकार केला असता, तर आमचे कुटुंब आज या शहरात असते की नाही, कोण जाणे. आईंना त्यातील पाच घरांची आडनावे अजून पाठ आहेत. गुरुवार आणि शनिवार मात्र विस्मरणात गेले, याची त्यांना खंत वाटते.

त्या रात्री आम्ही पुन्हा आकडे मांडले. रकाना ३,००० चा ५,००० केला. वाढीव २,००० म्हणजे जवळजवळ ८ लाख, साधारण वर्षभराची चाकरी. पंचेचाळिसाचे सेहेचाळीस झाले. कन्या तेव्हा एक इयत्ता पुढे गेलेली असेल. हे आम्हांला बोचते, आणि ते बोचणार नाही असा गुणाकार आम्हांला अद्याप सापडलेला नाही.

येत्या जूनमध्ये भाचा महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकावयास येतो आहे. माडीवरची खोली आम्ही झाडून ठेविली आहे. तो तीन वर्षे राहील. आईंनी त्याचा वार विचारला नाही. सातही आपलेच, असे परस्पर कळवून टाकले आहे.