गांडुळाच्या मागे

आजऱ्याकडच्या आमच्या भातशेतीत गांडूळ ही मुद्दाम बघायची गोष्ट नव्हती. मृगाच्या सरी पडल्या की ती वर यायची, चिखलणीत बैलांच्या खुरांखाली जायची, मागोमाग बगळे टिपत फिरायचे. पोरं ओढ्यावर जाताना गळासाठी डबीत भरून न्यायची. आजा तेवढा कुदळीच्या ढेकळात दोन-चार वळवळताना दिसली की म्हणायचा, ‘माती जिती आहे अजून.’

पुढे बी.एस्सी.ला तेच गांडूळ फेरेटिमा पोस्थुमा होऊन पुस्तकात आलं. शंभर ते एकशेवीस खंड, चौदा ते सोळा या खंडांवर पट्टा, हृदयांच्या चार जोड्या. परीक्षेपुरतं पाठ केलं. ते खऱ्या अर्थाने दिसलं, ते कोल्हापुरात, शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. प्राणिशास्त्र करताना.

विद्यापीठाची फी घरच्यांना झेपणारी होती आणि राहण्या-जेवण्याची सोय ‘कमवा आणि शिका’मधून झाली. माझ्या वाट्याला बागकाम आलं. सकाळी वाफे खणायचे, हातपाय धुऊन विभागात जायचं आणि दुपारी प्रॅक्टिकलला मेणाच्या ट्रेमध्ये तोच जीव समोर घ्यायचा. पाठीवरच्या रक्तवाहिनीला धक्का लागू नये म्हणून चीर मध्यरेषेच्या किंचित बाजूला द्यायची, कातडी दोन्हीकडे टाचण्यांनी तिरपी ताणायची, वरून पाणी सोडायचं. पाणी सोडलं की आतले पातळ पडदे तरंगून सुटे होतात. खंडाखंडांच्या मधले हे पडदे. पंधराव्या खंडामागचा एक पडदा चिमट्याने अलगद काढून काचपट्टीवर पसरला आणि भिंगाखाली धरला, की त्याच्या दोन्ही अंगांना नेफ्रिडियांच्या वेटोळ्या नळ्यांची दाटी दिसते. उत्सर्जनाचं काम करणाऱ्या या नळ्या बघताना पहिल्या दिवशी मी जागचा हललो नाही. सकाळी ज्याच्यावर मी कुदळ चालवत होतो, त्याच्या आत एवढी नेटकी रचना होती.

आमच्या पुस्तकातल्या आकृत्यांखाली कंसात एक नाव असायचं: बहल. सरांनी एकदा तास बाजूला ठेवून त्यांच्याबद्दल सांगितलं. कर्म नारायण बहल लखनौ विद्यापीठात प्राध्यापक होते. युरोपातल्या गांडुळांवर बेतलेल्या पुस्तकांत बहुतेक प्रत्येक खंडात नेफ्रिडियांची एक जोडी आणि तिचं तोंड शरीराबाहेर, असं चित्र होतं. बहल यांनी १९१९ साली दाखवलं की आपल्या फेरेटिमात पडद्यांवरच्या नेफ्रिडिया बाहेर उघडतच नाहीत, त्या आतड्यात उघडतात. त्यामुळे उत्सर्जनातलं पाणी आतड्यात परत शोषलं जातं, वाया जात नाही. कोरड्या मातीत जगणाऱ्या जिवासाठी ही केवढी मोठी सोय! १९२६ मध्ये ‘इंडियन झूऑलॉजिकल मेमॉयर्स’ ही मालिका सुरू झाली, तिचं पहिलं पुस्तक त्यांनी याच प्राण्यावर लिहिलं.

तो तास माझ्या शिक्षणातला सर्वांत मोलाचा. पुस्तकातलं ज्ञान दूरवरून येतं असं तोवर वाटायचं. आपल्याच देशातल्या एका सार्वजनिक विद्यापीठातल्या माणसाने, आपल्याच शेतातल्या जिवाकडे बघून, जगाला ठाऊक नसलेली गोष्ट सांगितली होती. डार्विननेही १८८१ साली, मरणाआधीच्या वर्षी, अखेरचं पुस्तक गांडुळांवरच काढलं. इंग्लंडमध्ये बऱ्याच ठिकाणी दर वर्षी एकरी दहा टनांहून अधिक माती त्यांच्या पोटातून जाऊन वर येते, असा त्याचा हिशेब होता. मला मात्र बहल अधिक जवळचे वाटले, आजही वाटतात. पोटापाण्याच्या हिशेबात कुठेच न बसणाऱ्या जिवाकडे निवांत बघायची मुभा शेतकऱ्याच्या पोराला मिळावी, म्हणून लोकांच्या पैशातून विद्यापीठं चालावीत, असं मी तेव्हापासून मानत आलो आहे.

पदवी घेऊन कॉलेजात शिकवायला लागलो. फेरेटिमाचं नाव बदलून मेटाफायर झालं. गांडूळखताच्या टाक्या गावोगाव आल्या. टाकीत बहुधा आयसेनिया फेटिडा किंवा आफ्रिकेतलं युड्रिलस असतं, दोन्ही पाचोळ्यात, शेणात वरवर राहणारी. खोल बिळं करून शेत भुसभुशीत करणारी आपली गांडुळं निराळी. खत जरूर करावं, पण विकत आणलेली किलोभर गांडुळं बांधात सोडून आपली मेलेली परत येत नाहीत, हे शेतकरी मेळाव्यात मी दर वेळी सांगतो.

मग विच्छेदनं थांबली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये ती कमी करायला सांगितलं आणि २०१४ मध्ये अभ्यासक्रमातून बंदच केली. ते योग्यच झालं. वर्गा-वर्गातून बेडूक आणि झुरळं मारून तेच ते बघण्यात अर्थ उरला नव्हता. ट्रे कपाटात गेले आणि आम्ही शेतात गेलो. पंचवीस सेंटिमीटर लांबी-रुंदीचा चौकोन आखायचा, तीस सेंटिमीटर खोलपर्यंतची माती ताडपत्रीवर घ्यायची आणि हाताने वेचायची. रासायनिक खताचा मारा झालेलं उसाचं रान आणि शेजारची देवराई यांतला फरक मुलं आपल्या बोटांनी मोजतात. आंबोलीला पावसात नेतो तेव्हा देवगांडूळही दाखवतो. ते गांडूळ नव्हे, पाय नसलेला उभयचर. साप समजून लोक त्याला ठेचतात. आंबोलीच्या एका देवगांडुळाला, गेगेनिओफिस डॅनिएलीला, शास्त्रीय नाव मिळालं ते २००३ मध्ये.

पण एक अडचण उरलीच. गांडुळाची जात बाहेरून बघून क्वचितच ठरते. शुक्रधान्या, म्हणजे शुक्राणू साठवणाऱ्या पिशव्या, कोणत्या खंडांत, किती जोड्या, हे उघडूनच पाहावं लागतं. हे ज्यांना येतं अशी माणसं आपल्याकडे फार थोडी आहेत आणि त्यातली बरीच निवृत्तीला आली आहेत. सगळ्यांना विच्छेदन शिकवू नये, पण वर्गीकरणात उतरणाऱ्याला ते आलंच पाहिजे. सध्या चंदगडकडची एक विद्यार्थिनी एम.एस्सी. संपवून याच कामात शिरते आहे. संग्रहातल्या, अल्कोहोलमध्ये ठेवलेल्या जुन्या नमुन्यांवर तिचा हात बसतोय. चीर मध्यरेषेच्या किंचित बाजूला द्यायची, हे तिला पहिल्याच दिवशी सांगितलं. आता देवराईतल्या नमुन्यांपैकी एकाच्या शुक्रधान्या तिला कुठल्याच तक्त्याशी जुळत नाहीत. पुढच्या पावसात आम्ही तिथेच पुन्हा खणणार आहोत.