नाव, आवाज आणि एक अर्धवट संहिता

चौघांपैकी एकजण जरी गेला तरी नाव पुढे चालवायचे नाही, असे मँचेस्टरच्या जॉय डिव्हिजन या रॉक बँडने आपसांत ठरवले होते. १८ मे १९८० रोजी गायक-गीतकार इअन कर्टिसने आत्महत्या केली आणि ते नाव संपले. उरलेले तिघे न्यू ऑर्डर झाले. नाव टाकणे त्यांना नवे नव्हते. हाच बँड पूर्वी वॉर्सा होता. लंडनच्या वॉर्सा पॅक्टशी गल्लत होऊ नये म्हणून १९७८ च्या आरंभी त्याने नवे नाव घेतले. तो बदल पाटी बदलण्याइतकाच होता. १९८० मध्ये मात्र नावासोबत 'मी' म्हणणाराच गेला. 'लेखकाचा मृत्यू' हे पद समीक्षेत ज्या सहजतेने वापरले जाते, ती सहजता येथे अवघडून जाते.

'सेरेमनी' या गीताचा इतिहास या दृष्टीने पाहावा. कर्टिसने ते २ मे १९८० रोजी बर्मिंगहॅमच्या अखेरच्या मैफलीत गायिले होते. शब्द लिहून ठेवलेले नव्हते. बर्नार्ड समनरला तालमीच्या अस्पष्ट ध्वनिमुद्रणातून, इक्वलायझरने स्वर वरखाली करीत, ते उकलावे लागले. ही पाठचिकित्साच होय. फरक इतकाच, की पाठ ठरवणाऱ्यालाच पुढे तो गावयाचा होता. १९८१ च्या आरंभी तिघांनी गीत प्रसिद्ध केले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, जिलियन गिल्बर्ट आल्यानंतर, पुन्हा मुद्रित केलेले. दुसरी आवृत्ती अधिक सफाईदार आहे. पहिलीत समनरचा आवाज दुसऱ्याच्या शब्दांत चाचपडतो, आणि म्हणूनच ती अधिक खरी वाटते.

१९८३ च्या 'ब्लू मंडे'पर्यंत यंत्राचा ठेका व नृत्यसंगीत आले. तरीही एक खूण टिकली: पीटर हुकचा बास. बासने सहसा तळाशी राहावे. हुकचा बास वरच्या स्वरांत जाऊन धूनच वाजवतो. नाव, गायक, शैली बदलूनही सातत्य जाणवते ते या सुरामुळे.

२००७ मध्ये हुक बाहेर पडला. या वेळी नाव राहिले. २०११ पासून इतरांनी त्याच्याविना ते चालवले. जुना करार न्यू ऑर्डरला लागू झाला नाही. २०१५ चा 'म्यूझिक कम्प्लीट' ऐकताना त्या बासची उणीव भासते, मग मुखपृष्ठावर नाव कोणतेही असो. नावाच्या वापरावरून व त्यातील वाट्यावरून झालेला न्यायालयीन वाद २०१७ मध्ये तडजोडीने मिटला. पुढे 'लव्ह विल टेअर अस अपार्ट' हे जॉय डिव्हिजनचे गीत न्यू ऑर्डरही वाजवत राहिला आणि आपल्या 'द लाइट' या बँडसह हुकही.