नदीची माया

परवा अंधेरीतल्या आमच्या शाळेत सातवीला भूगोल शिकवत होते. फळ्यावर नदीचे वळण काढले नि सांगितले, "बाहेरच्या काठाला पाण्याचा वेग जास्त, तिथे काठ झिजतो. आतल्या काठाशी पाणी रेंगाळते, तिथे गाळ बसतो. पावसाळ्यात जोर वाढला की तळ खरवडला जातो. पूर ओसरला की पुन्हा भरतो. म्हणून नदीचे पात्र मे महिन्यात एक असते अन् ऑगस्टात दुसरे."

मागच्या बाकावरून प्रश्न आला, "पण बाई, आपल्या मिठीला तर भिंती बांधल्यात. ती कशी बदलणार?"

मी खडू हातात धरून तशीच उभी राहिले.

२६ जुलै २००५ला मी पाचवीत होते. साकीनाक्याजवळ चाळीत तळमजल्यावर आमचे बिऱ्हाड. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पाणी आधी उंबऱ्याला, मग पलंगाला लागले. आईने आम्हा भावंडांना वरच्या काकूंकडे पोचवले. बाबा दुसऱ्या दिवशी दुपारी चालत आले, तोवर ती जिन्यातून हलली नाही. "मेली गटारगंगा!" ही तिने मिठीला दिलेली शिवी अजून कानात आहे.

आज वाटते, नदीचा त्यात काय दोष? विहार तलाव भरून वाहिला की ते पाणी मिठीत येते, पवईचेही मिळते, आणि कुर्ल्यावरून माहीमच्या खाडीपर्यंत सुमारे १८ किलोमीटर जाते. एरवी मात्र तिच्यात बहुतेक सांडपाणीच. ते संथ, त्यामुळे गाळ साचून तळ वर येतो. त्यात आपण भराव घालून काठ आवळले. उन्हाळ्यातली नदी बघून तिचे माप घेतले!

घरी आले तर सासूबाई नातीचा फ्रॉक शिवत होत्या. "आई, माया ठेवा हं, पोर वाढतेय," मी सवयीने म्हटले, नि तिथेच थबकले. शिवणीत दडलेले ते बोटभर कापड एरवी वायाच गेलेले दिसते. पोर अंगाने भरली की तेच उसवून कामी येते. काठची दलदल, खारफुटी, मोकळी जमीन ही नदीची माया. ती आपण कापून टाकली.

दर पावसाळ्याआधी गाळ उपसतात, तो उपसायलाच हवा. पण कापलेली माया त्याने परत येत नाही. उद्या त्या मुलीला सांगणार आहे, "बाळ, नदीला पसरायला जागा ठेवली नाही, तर ती आपल्या घरालाच पात्र समजते."