स्वस्त हत्याराची बाजू

हत्यार घ्यायचं तर उत्तम घ्यावं, नाहीतर घेऊच नये, या मताचा मी होतो आणि संधी मिळेल तिथे ते ऐकवतही होतो. आता मी त्या मताचा राहिलेलो नाही. ओहायोतल्या माझ्या गॅरेजमधली निम्म्याहून अधिक हत्यारं हार्बर फ्रेटची आहेत आणि पाहुण्यांना दिसतील अशी भिंतीवर टांगलेली आहेत.

अमेरिकेत राहणाऱ्यांना यातली मेख लगेच कळेल. इतरांसाठी हार्बर फ्रेटची गोष्ट सांगतो. १९७७ साली कॅलिफोर्नियातल्या नॉर्थ हॉलिवूडमध्ये ॲलन स्मिट आणि त्यांचा मुलगा एरिक यांनी टपालाने स्वस्त हत्यारं विकायला सुरुवात केली. १९८० मध्ये केंटकीतल्या लेक्सिंग्टनला त्यांचं पहिलं दुकान निघालं, तेही गिऱ्हाइकांनी परत पाठवलेला माल खपवायला. आज देशभर त्यांची दीड हजाराहून अधिक दुकानं आहेत. माल थेट कारखान्यांकडून घ्यायचा, मधले हात टाळायचे आणि आपलंच नाव घालून विकायचा, हे त्यांचं गणित. एके काळी तर कूपन दाखवलं की डिजिटल मल्टिमीटर फुकट मिळायचा. जिथे मल्टिमीटर फुकट वाटतात तिथला पाना काय लायकीचा असणार, असं मी तेव्हा म्हणायचो.

हे म्हणण्यामागे नाशिक होतं. मी सातपूरचा. टापरियाचा कारखाना आमच्याच औद्योगिक वसाहतीत आणि वडील दुसऱ्या एका कारखान्यात फिटर. खंडेनवमीला त्यांचे पाने, पक्कड, कानस पाटावर मांडून पूजा व्हायची. त्या पूजेला अर्थ होता, कारण घर त्या हत्यारांवर चालत होतं. पाना हलका निघाला की नटाचे कोपरे झिजतात, हात सटकून बोटं सोलतात आणि पाळीचं काम अडतं. अशा घरात स्वस्त हत्यार ही काटकसर ठरत नाही, तो स्वतःच्या कामाचा अपमान असतो.

मी फिटर झालो नाही, संगणकापुढे बसलो. मत मात्र जसंच्या तसं उचलून इथे आणलं.

इथे घर घेतल्यावर कळलं की प्लंबर नुसतं येऊन बघण्याचेही पैसे लावतो आणि ब्रेकचे पॅड बदलायचे तर मेकॅनिकच्या मजुरीपुढे पॅडची किंमत किरकोळ वाटते. म्हणून इथे मध्यमवर्गीय माणूस स्वतःच गाडीखाली शिरतो. आता गंमत अशी, की अशा प्रत्येक कामाला एखादं हत्यार लागतं जे पुन्हा बऱ्याच वर्षांत लागणार नसतं. चाकाचं बेअरिंग ओढून काढायचा पुलर घ्या. नावाजलेल्या कंपनीचा घ्यायला गेलं तर त्या पैशांत मेकॅनिकनेच काम करून दिलं असतं. स्वस्तातला घेणं माझ्या तत्त्वात बसत नव्हतं. परिणाम असा, की खणात उंची जर्मन पकडी चकाकत होत्या आणि गाडी मेकॅनिककडे उभी होती.

माझं मत वादात हरून बदललं नाही, शेजाऱ्याची पेटी बघून बदललं. हा गृहस्थ मोटार कारखान्यातून निवृत्त झालेला, आयुष्यभर पाना चालवलेला. त्याच्या पेटीत रॅचेट आणि रोजचे सॉकेट स्नॅप-ऑनचे, महागातले महाग. बाकीचं हार्बर फ्रेटचं. त्याला यात काही विसंगत वाटत नव्हतं. दहा मिलिमीटरचा सॉकेट तर तो मूठभर स्वस्तातलेच आणून ठेवायचा, कारण तो हरवायचाच असतो हे जगातल्या सगळ्या मेकॅनिकांना ठाऊक आहे. ‘मिथबस्टर्स’ या टीव्ही मालिकेतला ॲडम सॅव्हेजही हाच सल्ला देतो: आधी स्वस्त घ्या, त्या हत्याराकडून आपल्याला नेमकं काय हवंय ते वापरून कळलं की मग चांगलं घ्या.

मग ‘जुनं ते सोनं’ हा मुद्दा उरतो. इथली मंडळी सीअर्सच्या क्राफ्ट्समन पान्यांची आठवण काढून हळहळतात. मोडला तर दुकानात न्या, बदलून मिळेल, ही त्यांची हमी प्रसिद्ध होती. पण सीअर्स ही मुळात टपालानेच माल विकणारी कंपनी. गावोगावचे दुकानदार तिच्या कॅटलॉगला तेव्हा नावंच ठेवायचे. १९२७ मध्ये आलेला क्राफ्ट्समन ब्रँड २०१७ मध्ये विकला गेला आणि २०१८ मध्ये सीअर्सने दिवाळखोरी जाहीर केली. आज पान्या-सॉकेटवर आजन्म हमी हार्बर फ्रेटही देतं. ज्या गोष्टीसाठी जुन्यांचं कौतुक व्हायचं, ती आता ज्यांना लोक हसायचे त्यांच्याकडे मिळते.

याचा अर्थ मी आंधळा भक्त झालो असा नाही. २०२० मध्ये याच कंपनीला सुमारे १७ लाख जॅक स्टँड परत बोलवावे लागले, कारण दात्यांमधला खटका सुटून वर उचललेली गाडी खाली येण्याचा धोका होता. बदली म्हणून दिलेल्यांपैकी काहींच्या वेल्डिंगमध्येही दोष निघाला आणि तेही परत मागवावे लागले. जॅक स्टँडवर गाडी असते आणि गाडीखाली आपण असतो.

त्यामुळे किंमत बघण्याआधी मी एकच विचारतो: हे मोडलं तर आणखी काय मोडेल? नुसता पाना मोडणार असेल तर स्वस्तातला घेतो. माणूस मोडणार असेल तर पैशाकडे बघत नाही. मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेणाऱ्या ग्राइंडरची चकती, घराच्या मेन बोर्डवर लावायचा मल्टिमीटर, डोळ्यांवरचा चष्मा, गाडी तोलून धरणारं काहीही, ही दुसऱ्या यादीत. रोज हाताळायचं हत्यारही चांगलंच हवं, कारण तिथे स्वस्ताई दोनदा पैसे घेते. बॅटरीवरची यंत्रं घेताना आणखी एक हिशेब करावा लागतो. एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या यंत्राला सहसा बसत नाही, म्हणजे पहिलं ड्रिल घेताना पुढची सगळी यंत्रंही जवळजवळ ठरून जातात.

वडिलांचा नियम त्यांच्या जागी बरोबरच होता. पोटासाठी हत्यार चालवणाऱ्याचा तो नियम आहे. शनिवार-रविवारी नळ दुरुस्त करणाऱ्याने तो उचलला की त्यातला मान जातो आणि मिजास तेवढी उरते. उत्तम हत्यार नाही म्हणून काम अडलं, हे म्हणणं म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं याचाच सुशिक्षित अवतार. आता नवीन घर घेतलेली मराठी मुलं मला कोणता सेट घेऊ म्हणून विचारतात, तेव्हा मी ब्रँड सांगत नाही. आधी कुठलं काम करणार ते विचारतो, आणि त्यापुरतं स्वस्तातलं हत्यार आणायला पाठवतो. जॅक स्टँड सोडून.